गाडी थांबतच होती, बाबा

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा रात्री पुण्यात सुखरूप पोचलो हे फोनवर कळवलंच. पण फोन लावला की चिऊ मोबाइल ओढून घेते, आणि तुम्हीही नातीशीच बोलत बसता. मला जे सांगायचं आहे ते मधे कुणी न बोलता सांगायचं आहे, म्हणून पत्र.

२ मेला पहाटे आपल्या घरून निघालो तेव्हा तुम्ही दोघं फाटकाशी उभे होतात. आदल्या रात्री मी शेवटचं विचारलं होतं, चला ना आमच्याबरोबर. बाबा, तुम्ही म्हणालात, "पाण्याची गोळी घेतली की मला तासाभरात लघवीला उतरावं लागतं. हिचे गुडघे एका जागी बसून धरतात. आमच्यापायी तुमची गाडी सारखी थांबेल. तुम्ही मोकळेपणानं जाऊन या." त्यावर मला बोलायला सुचलं नाही. जयसिंगपूर मागे पडेपर्यंत मी गाडीत गप्प होते.

तुमचे जावई पेट्रोलचा हिशेब वहीत लिहीत होते. त्याच वहीच्या मागच्या पानावर मी गाडी कुठे आणि का थांबली ते टिपत गेले. पहिल्या दिवशी सांगली ते मालवण, दोनशे किलोमीटरच्या आसपास. त्यात आम्ही नऊ वेळा थांबलो. शू, दूध, शूज हवेत, शूज नकोत, पुढे बैल दिसला म्हणून, बैल मागे राहिला म्हणून. राधानगरी सोडून दाजीपूरच्या जंगलाकडे लागलो तेव्हा चिऊ झोपली, आणि आम्हाला वाटलं आता थेट कणकवली. फोंडा घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर तिला भडभडून उलटी झाली. दूध नुकतंच पाजलं होतं, ती माझी चूक. घाट लागण्याआधी दूध देऊ नकोस हे आई, तू दोनदा बजावलं होतंस.

एक रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. तिथे एक बाई पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्या होत्या. त्यांनी काही न विचारता पाण्याची कळशी पुढे केली. मी चिऊचे कपडे बदलले, सीटचं कापड धुऊन बॉनेटवर वाळत घातलं, आणि ते वाळेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. पाऊण तास असेल. चिऊनं आयुष्यातलं पहिलं करवंद खाल्लं, तोंड आंबट केलं आणि हात पुढे केला, "अजून."

आई, तिथे बसल्या बसल्या मला आंबा घाट आठवला. दर मे महिन्यात सांगलीहून एसटीनं तुझ्या माहेरी जायचो. बाबांना यायला जमायचं नाही, ते स्टँडवर बसवून द्यायचे. कडेवर धाकटा, खांद्याला पिशवी, ट्रंक टपावर, आणि खिडकीशी मी. मला घाट लागायचा हे मला आठवतं. तू आलेपाकाची वडी द्यायचीस, लिंबाचं साल हुंगायला लावायचीस, तेही आठवतं. पण ते सगळं पुसायचं कुणी, कशानं, चालत्या एसटीत, दुसरं मूल मांडीवर घेऊन? ती गाडी आपल्यासाठी थांबणार नव्हती. माझ्याजवळ स्वतःची गाडी होती, दोन बाटल्या पाणी होतं, धरायला नवरा होता, तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीस.

चिऊच्या गाडीतल्या पट्ट्याच्या खुर्चीवरून तू माझ्यावर रागावली होतीस. "लेकराला बांधून कसलं नेतेस, मांडीवर घे." आई, ती दोन-अडीच तास सलग बसली असं एकदाही झालं नाही. ती रडली, पाठीची कमान करून ओरडली, आणि मांडीवर घ्यायचा मोह मला अनेकदा झाला. पण जोरात ब्रेक लागला तर आपल्या हातात तिला धरून ठेवण्याएवढी ताकद नसते. बाबांना माहीत असेल, २०१९ साली मोटार वाहन कायदा बदलला तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी पट्टा किंवा अशी खुर्ची सक्तीची झाली. दंडाची मला फिकीर नाही, पण ती खुर्ची मी सोडणार नाही. म्हणून आम्ही एकच नियम ठेवला: रडायला लागली की पुढची सावली बघून गाडी थांबवायची, तिला उतरवून पळू द्यायचं, मग पुन्हा बसवायचं.

मालवणला तीन रात्री होतो. बाबा, सिंधुदुर्गावर मला तुमची फार आठवण आली. वर्गात तुम्ही कसं शिकवत असाल ते मनात म्हणत गेले: २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी, अठ्ठेचाळीस एकरांचा कुरटे बेटाचा खडक, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत तीन गोड्या विहिरी. दूधबाव, साखरबाव, दहीबाव ही नावं ऐकल्यावर चिऊ दूधबावेपाशी अडून बसली. तिला पेल्यात दूध हवं होतं. शिवराजेश्वराच्या मंदिरात गेलो, चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा पाहिला. तिथे तिनं स्वतःचा पंजा उघडून बघितला. होडीत बसायला आणि उतरायला माणसं हात देतात, हे मी मुद्दाम बघून ठेवलंय. किल्ल्याच्या दारापर्यंत वाळू आहे, पायऱ्या फार नाहीत. तटावर चढायचं नाही म्हटलं तर आई, तुला जमेल.

देवगडला फक्त आंबे घेतले. विजयदुर्ग गाडीतूनच पाहिला, ऊन फार होतं.

मग तुझं माहेर. आडिवऱ्याला महाकालीचं दर्शन घेऊन दुपारी पोचलो. मामी ओटीवर उभी होती, आणि गाडीतून आम्ही तिघंच उतरलो तेव्हा ती आणखी कुणी उतरतंय का म्हणून दाराकडे बघत राहिली. "वन्संना नाही आणलंस?" एवढंच. मी म्हटलं, गुडघे दुखतात. ती म्हणाली, "दुखू देत की. इथे कुठे डोंगर चढायचाय? ओटीवर बसायचंय."

माजघरात आता फरशी आहे. विहिरीवर मोटर बसली, पण रहाटाचे खांब ठेवलेत. परसातला रायवळ तसाच उभा आहे आणि वाऱ्याची झुळूक आली की अजून दुपारभर आंबे टपटपतात. चिऊ प्रत्येक आवाजाला धावायची. मामीनं तिला कुळथाची पिठी आणि मऊ भात कालवून दिला. घरून निघाल्यापासून ती पहिल्यांदाच ताट संपवून उठली. रात्री मामीनं तुझं लुगडं काढलं, तू नववीत असताना नेसलेलं, आणि त्याची दुपटी घातली. चिऊ त्यावर झोपली. मी जागी होते. तू या घरी शेवटची कधी आलीस ते मोजत होते, आणि मोजून झाल्यावर मला स्वतःचा राग आला. सांगलीहून हे अंतर एका दिवसाचंसुद्धा नाही.

गणपतीपुळ्याला एक रात्र राहून जयगडला आलो. तिथे गाडी फेरीबोटीवर चढवून शास्त्री नदीची खाडी ओलांडली, पलीकडे तवसाळ. गाडी पाण्यावर चाललीय हे चिऊला पटेना. ती कठड्याच्या जाळीतून खाली बघायची, मग गाडीची चाकं बघायची. गुहागरला दोन दिवस राहून पुढे धोपाव्याहून दाभोळ, पुन्हा तसंच. ही बोट नसती तर वाशिष्ठीच्या खाडीला वळसा घालून चिपळूणमार्गे जावं लागलं असतं. बाबा, बोट येईपर्यंत जेट्टीवर थांबावं लागतं, तेव्हा गाडीतून उतरून पाय मोकळे करता येतात, आणि बोटीवरही गाडीबाहेर उभं राहता येतं. तुमच्यासारख्या माणसाला हाच रस्ता बरा.

दापोलीहून माणगाव, ताम्हिणी घाट, पुणे. त्या दिवशी दहा वेळा थांबलो.

काल रात्री ते मागचं पान बेरजेला घेतलं. दहा दिवसांत हजार किलोमीटरच्या आसपास, आणि त्रेपन्न थांबे. बाबा, तुम्ही नव्हतात तरी त्रेपन्न. तुमच्या गोळीपायी थांबलो असतो तर ते याच थांब्यांत बसले असते. ती करवंदवाली बाई, तो बैल, जेट्टीवरचा तो म्हातारा ज्यानं चिऊला शिंपला दिला, हे सगळे थांबलो म्हणून भेटले. वेळेवर कुठे पोचायचं होतं आम्हाला?

म्हणून डिसेंबरचं मी ठरवून टाकलंय. २० तारखेला सांगलीला येते. चिऊची खुर्ची एका खिडकीशी, आई दुसरीकडे, मधे मी. बाबा पुढे, सीट पूर्ण मागे सरकवून. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वर जायचं नाही. आंबा घाटातूनच उतरू, आईचा जुना रस्ता. बाबा, प्रवासात गोळी किती वाजता घ्यायची ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. मावसभावाच्या लग्नाला जाताना तुम्ही ती गुपचूप चुकवलीत आणि रात्री घोट्यांना सूज आली, ते मी विसरलेले नाही. स्वच्छ शौचालयं असलेल्या जागा या वेळी मी नोंदवून आणल्यात.

आई, मामीला किती दिवसांचं कळवू? मी चार म्हणणार होते. तू सांग. रविवारी सकाळी फोन करते, तेव्हा आधी ह्याचं उत्तर द्या, मग चिऊकडे फोन देईन.

तुमची लेक