मिकुरी वाईट नाही, आई

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी मी रागाने फोन ठेवला. रात्री तुझा मेसेज आला, "जेवलीस का?" तेवढाच. तेव्हापासून लिहीन म्हणते आहे.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं. भूकंपाची बातमी दिसली की दर वेळी तो जपानात माझ्या योकोहामातच झाला असं समजू नकोस. उशाशी टॉर्च, पाणी, बूट असं सगळं ठेवलेलं आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही चालू आहेत, विचारायच्या आत सांगते.

आता तुझा प्रश्न. "लग्नाचा पगार मागणाऱ्या मुलीचं तुला कसलं कौतुक?" चूक माझी, मी गोष्ट अर्धीच सांगितली. ती जपानी टीव्ही मालिका आहे. नाव लांबलचक, म्हणून इथे सगळे तिला 'निगेहाजि' म्हणतात. पळून जाणं लाजिरवाणं, पण कामी येतं, असा त्या नावाचा अर्थ. २०१६ साली टीबीएस वाहिनीवर लागली, अकराच भाग. तिची नायिका मिकुरी एमए झालेली, तरी कायमची नोकरी नाही. कंत्राटी होती, तीही जाते. मग वडील तिला त्सुझाकी नावाच्या एकट्या राहणाऱ्या इंजिनिअरच्या घरी साफसफाईच्या कामाला लावून देतात. पुढे आईवडील दूर तातेयामाला राहायला जायचं ठरवतात, तेव्हा ती त्याला सुचवते, मला बायको म्हणून ठेवा आणि घरकामाचा पगार द्या. महिना १ लाख ९४ हजार येन. लग्नाची नोंद करतच नाहीत. रहिवासाच्या दाखल्यावर 'पत्नी', आणि पुढे 'नोंद न झालेली'.

हे ऐकलं की ती हिशेबी वाटते. पण आई, त्या मुलीला कुणी कामावर ठेवूनच घेतलेलं नव्हतं. त्सुझाकी म्हणतो काम चांगलं झालं, आणि तिचा चेहरा उजळतो. आपण कुणाला तरी हव्या आहोत, एवढंच तिला हवं असतं. माझं पहिलं वर्ष आठव. कराराची मुदत वाढेपर्यंत मी तुम्हाला "सगळं छान" एवढंच सांगायचे.

तिच्यात खोट आहे, मी नाकारत नाही. ती समोरच्याला वाचत बसते, त्याच्या वतीने स्वतःच ठरवते, आणि मन दुखावलं की न बोलता निघून जाते. पूर्वीच्या प्रियकराने तिला 'कोझाकाशी' म्हटलेलं असतं. आपण दीडशहाणी म्हणतो ना, तेच. तो शब्द तिच्या मनातून जात नाही. दहाव्या भागात त्सुझाकी खरंच लग्नाची मागणी घालतो, वर सांगतो की लग्न केलं की तुझा पगार वाचेल. ती म्हणते, हे प्रेमाचं शोषण झालं. तिथे मला तिचा राग आला होता, आनंदाच्या घटकेला काय हे! दोन दिवसांनी तू डोळ्यांसमोर आलीस, दिवाळीत सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर शेवटी एकटी जेवायला बसलेली. शेवटच्या भागात तो तिला म्हणतो, 'कोझाकाशी' या शब्दात कमी लेखणं आहे, आणि मी तुला कधीच कमी लेखलेलं नाही. मी खूप रडले.

इथली एक रीत सांगते, म्हणजे हे नीट कळेल. तिला 'ओकोझुकाई' म्हणतात, म्हणजे हातखर्च. पण तो मुलांचा नव्हे, नवऱ्याचा! आमच्या विभागप्रमुखांचा पगार २५ तारखेला बँकेत जमा होतो, पासबुक बायकोकडे. ती त्यांना महिन्याचे ठरावीक पैसे देते, आणि त्यातच त्यांचं दुपारचं जेवण, कॉफी, मित्रांबरोबरची संध्याकाळ. महिनाअखेरीला साहेब भाताचा गोळा खाऊन भागवतात. त्यांना त्यात काही वाटत नाही, घर ती चालवते तर पैसे तिच्याकडेच, असं सरळ सांगतात. सगळ्यांकडे असं नसतं, तरुण जोडपी आपापली खाती ठेवतात. मला आधी वाटलं, बायकांचं किती छान! पण पैसे तिने सांभाळायचे असले, तरी तिच्या कामाचे पैसे त्यात कुठे आहेत? मालिकेत तो हिशेब मांडलाय, गृहिणीचं वर्षाचं काम ३० लाख ४१ हजार येनांचं.

गणपतीला येत नाही. सुट्टी मिळत नाही असं सांगितलं होतं, पण खरं म्हणजे तिकिटाचे पैसे बाबांच्या डोळ्यासाठी राखले. बाबांना हे सांगू नकोस, ते ऑपरेशन पुढे ढकलतील. साठ हजार रुपये पाठवलेत. छपराच्या पत्र्यांचं दादाने बघावं, पुढच्या महिन्यात आणखी जमेल. मोदकांची आठवण काढू नका असं म्हणणार होते, पण काढा.

मामीने सुचवलेल्या पुण्याच्या मुलाशी बोलते. तुमचा मान राखायला म्हणून नाही, मला खरंच बोलायचं आहे. फक्त पहिल्याच फोनवर घरकामाचं विचारलं तर मामीने रागवू नये. त्याला ते खटकलं तर आत्ताच कळलेलं बरं. आणि रविवारी "तुला नाही कळणार" म्हणाले, ते मागे घेते.

साठातले पाच हजार तुझे. किराण्यात घालू नकोस, वहिनीच्या हातात देऊ नकोस. कशावर खर्च केलेस ते मला कळव.

तुझी,
चिमी