कृपा एवढी स्वस्त असती तर...

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आठवडाभर वाटेल ते करावे आणि रविवारी देवळात जाऊन माफी पदरात पाडून घ्यावी, एवढीच ख्रिस्ती धर्माची शिकवण आहे, असा शोध आपल्या कालच्या अंकात एका विद्वान लेखकाने लावला आहे. देवाची कृपा, म्हणजे न कमावता मिळणारी क्षमा, वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, हा प्रश्न येशूचा प्रेषित पौल याने बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःच विचारून साफ नाकारला आहे. येशूची भेट होताच पालटलेल्या जक्कय जकातदारानेही लुबाडलेले चौपट परत करण्याची तयारी दाखवली होती. लेखकाने फादरपुढची पापकबुली सरसकट सर्वांच्या गळ्यात मारली आहे. आमच्या प्रोटेस्टंट मंडळीत ती उपासनेत सर्वांनी मिळून करायची असते. अर्थात कॅथलिकांतही खऱ्या पश्चात्तापावाचून क्षमा नाहीच. ख्रिस्ती धर्मोपदेशक रेव्ह. नारायण शेषाद्रींनी 19व्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हापासूनच्या शेजाऱ्यांची एवढी तरी ओळख असायला हरकत नव्हती.

कृपा स्वस्त असती, तर माझ्या थोरल्या काकांना ती मिळाली असती. जिनिंगमध्ये हमाली करणाऱ्या काकांना दारूचे व्यसन होते, ते त्यांनी कधी लपवले नाही. एकदा प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला घेण्याच्या, रविवारी ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, आदल्या दिवसापासून थेंबही न घेता, भाकर घेण्यासाठी रांगेत उभे राहिले. त्यांचे हात थरथरत होते. ती थरथर दारू न घेतल्याची होती. मंडळीच्या एका पंचांना मात्र ती घेतल्याची वाटली आणि त्यांनी सर्वांदेखत काकांना दंडाला धरून रांगेबाहेर काढले. दफनभूमीच्या भिंतीसाठी जमा केलेल्या वर्गणीचा हिशेब ज्यांनी आजतागायत दिलेला नाही, त्याच पंचांनी त्या दिवशी प्रभुभोजनाचा प्याला सर्वांत आधी ओठाला लावला. तीन वेळा प्रभूला नाकारणाऱ्या पेत्र या शिष्याच्या हाती प्रभूने पुन्हा मेंढरे, म्हणजे आपले अनुयायी, सोपवली. आमच्या पंचांना एका थरथरत्या हातावर भाकरीचा तुकडा ठेववला नाही. काकांनी पुन्हा देवळाची पायरी चढली नाही. लेखकमहाशयांना टीकाच करायची होती, तर देवाच्या औदार्यावर कशाला, आमच्या या कंजूषपणावर करावी. मी स्वतः त्यांना दुजोरा देईन.

जाता जाता आणखी एक. आपल्या अंकात गुड फ्रायडेच्या दिवशी 'हार्दिक शुभेच्छा' छापून येतात. तो प्रभूच्या मरणाचा दिवस आहे. शुभेच्छा द्यायच्याच असतील, तर दोन दिवस थांबून ईस्टरला द्याव्यात, ही नम्र विनंती.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, जालना