मेंढीकोट : हुकुमाचा नियम बदलला आहे

सभासद मंडळींना नमस्कार. येत्या रविवारपासून धरमपेठेतल्या आपल्या बैठकीत सगळ्या टेबलांवर मेंढीकोट हा पत्त्यांचा खेळ एकाच पद्धतीने खेळू. पान उपडं ठेवून हुकूम (बाकी रंगांवर मात करणारा रंग) लपवणं बंद. हाताच्या पहिल्या पानाने उतरलेला रंग ज्याच्याकडे सर्वांत आधी नसेल, त्याने टाकलेल्या पानाचा रंग हाच हुकूम. लपवलेला हुकूम कधी उघडायचा, यावरून मागच्या महिन्यात दोन जुने भिडू डाव अर्धा टाकून उठले. ते मनाला फार लागलं.

चार दश्श्या (दहाची पानं) दोन्ही जोड्यांकडे दोन-दोन झाल्या तर १३ पैकी ७ हात करणारी जोडी जिंकेल, हे पूर्वीसारखंच. हातात रंग असून दुसरं पान टाकलेलं सापडलं, तर डाव दुसऱ्या जोडीचा. ऊन तापतंय, म्हणून बैठक सकाळी ८ वाजता.