प्लीहा वाढली म्हणजे काढलीच पाहिजे, असे नाही

संपादक महोदय,

‘प्लीहा नसली तरी माणूस जगतो’ हे खरेच. पण तेवढ्यावरून तिला बिनकामाची ठरवण्याची घाई आरोग्यविषयक लेखनात वरचेवर दिसते. डाव्या बरगड्यांखालच्या या साधारण 150 ग्रॅमच्या अवयवात जुन्या तांबड्या पेशी मोडीत निघतात, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. गर्भावस्थेत प्लीहेत रक्तही तयार होते. जन्मानंतर ते काम अस्थिमज्जेकडे जाते, पण कायमचे सुटत नाही.

शरीरातला दाह (इन्फ्लमेशन) लांबला की मज्जा पांढऱ्या पेशींच्या निर्मितीला जुंपली जाते आणि तांबड्या पेशी मागे पडतात. काही मूळपेशी मज्जा सोडून रक्तात उतरतात, प्लीहेच्या लाल गरात मुक्काम करतात आणि तिथे मोनोसाइट, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घडवू लागतात. उंदराला हृदयविकाराचा झटका आल्यावर प्लीहेत राखून ठेवलेले मोनोसाइट जखमी हृदयाकडे जातात, हे बोस्टनच्या संशोधकांनी 2009 साली दाखवले. मात्र उंदराची प्लीहा जन्मभर थोडेफार रक्त बनवतेच. निरोगी प्रौढ माणसाची नाही. उंदरांवरचे निष्कर्ष जसेच्या तसे रुग्णाला लावू नयेत, ते यासाठी.

माणसात हा प्रकार ठळक दिसतो तो मायलोफायब्रोसिस (मज्जेत तंतू साठून तिचे काम मंदावणारा आजार) आणि थॅलेसेमियात (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार). थॅलेसेमियाच्या मुलाचे रक्त चढवण्यापूर्वीचे हिमोग्लोबिन 9.5 ते 10.5 ग्रॅम प्रति डेसिलिटर राखले, तर मज्जेबाहेरची धडपड थंडावते आणि प्लीहा फारशी वाढत नाही. ‘पुढच्या महिन्यात देऊ’ म्हणत ते 6-7 पर्यंत घसरू दिले की पोट फुगते. मग वाढलेली प्लीहा चढवलेले रक्तही अडकवते आणि पिशव्या वाढत जातात. मायलोफायब्रोसिसमध्ये प्लीहा काढल्यावर काही रुग्णांचे यकृत झपाट्याने वाढते, म्हणजे दुखणे फक्त जागा बदलते.

शस्त्रक्रिया अटळच असेल, तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस या जिवाणूंविरुद्धच्या लसी निदान 14 दिवस आधी द्याव्यात. अपघातात तातडीने काढावी लागली, तर 14 दिवसांनंतर. अशा रुग्णाला ताप आल्यास ‘उद्या बघू’ चालत नाही: प्रतिजैविकाचा पहिला डोस ताबडतोब आणि तडक रुग्णालय. रक्तातले जंतू टिपणारी प्लीहा नसल्याने जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो आणि हा धोका आयुष्यभर राहतो. डिस्चार्ज कार्डावर ‘प्लीहा काढलेली आहे’ ही नोंद, लसींच्या तारखांसह, ठळक अक्षरांत हवी.

– एक रक्तविकारतज्ज्ञ, नागपूर