ऑक्सफर्ड–केंब्रिज सायकल प्रवासाबाबत सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांस सविनय कळविण्यात येते की, जूनमधील ऑक्सफर्ड ते केंब्रिज सायकल प्रवासाची पूर्वतयारी बैठक येत्या रविवारी सायंकाळी ४ वाजता मंडळाच्या फोंडा येथील वाचनकक्षात होईल. नाव नोंदविलेल्या प्रत्येकाने उपस्थित राहणे आवश्यक आहे.

इ. स. १२०९ मध्ये ऑक्सफर्डच्या नागरिकांशी झालेल्या संघर्षानंतर तेथून बाहेर पडलेल्या विद्वानांपैकी काही जण केंब्रिजला स्थिरावले आणि त्यातूनच तेथील विद्यापीठ उभे राहिले. म्हणून हा मार्ग केवळ निसर्गरम्य म्हणून पाहू नये, अशी कळकळीची विनंती आहे. आपण राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक ५१ ने बिस्टर, मिल्टन कीन्स व बेडफर्डवरून जाऊ. बेडफर्ड ते सँडी हा टप्पा दोन्ही विद्यापीठनगरांना जोडणाऱ्या जुन्या लोहमार्गाच्या जागेवरून जातो. बेडफर्ड–केंब्रिज रेल्वेसेवा १९६७ च्या अखेरीस बंद झाली. वाटेत ब्लेचली पार्क येथे थांबू, कारण दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्यासाठी दोन्ही विद्यापीठांतील मंडळी तेथे एकत्र आली होती.

१. भारतीय पारपत्रधारकांनी व्हिसासाठी प्रवासाआधीच्या तीन महिन्यांतच अर्ज करावा. पोर्तुगीज पारपत्र असलेल्यांना व्हिसा लागत नाही. मात्र एप्रिल २०२५ पासून त्यांनाही ईटीए ही पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

२. अंधारात सायकलला पुढे पांढरा व मागे लाल दिवा असणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे. शिरस्त्राणाची तेथे सक्ती नसली तरी आपल्या गटात ते प्रत्येकाने घातलेच पाहिजे.

बैठकीस पारपत्राची छायाप्रत आणावी.

— सचिव