परातीमागचे पाणी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत कॅलिफोर्नियाच्या सोन्यावर आलेला लेख आवडीने वाचला. मात्र लेखाचा आणि सोबतच्या चित्राचा सगळा भर परात घेऊन ओढ्यात बसलेल्या एकट्या माणसावर आहे. १८४८ च्या उन्हाळ्यापुरते ते चित्र बरेचसे खरे. पुढे परात उरली ती मुख्यतः जागा तपासायला आणि शेवटचा गाळ धुवायला. खाणवस्त्या उभ्या राहिल्या आणि मोडल्या त्या पाण्यावर, आणि लेखात पाण्याबद्दल एक ओळही नाही.

२४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोने दिसले. डोंगरातल्या गारगोटीच्या शिरा झिजून ते नदीत उतरले होते. सोने पाण्याच्या १९.३ पट जड, गारगोटी २.६५ पट, काळी लोहयुक्त वाळू सुमारे ५ पट. म्हणून प्रवाह मंदावतो तिथे, वळणाच्या आतल्या अंगाला आणि तळच्या कातळाच्या भेगांत सोने बसते. आपले झारेकरी सोनाराच्या दुकानातला केर धुतात, त्यामागेही हेच गणित आहे.

परातीचे काम दिसते तेवढे सोपे नाही. दोन-तृतीयांश भरून ती पाण्याखाली धरायची, चिकणमातीची ढेकळे बोटांनी पूर्ण विरघळवायची, गोटे वेचून टाकायचे. मग परात सपाट ठेवून दोन्ही बाजूंना हिसके द्यायचे, म्हणजे जड कण तळाशी जातात. त्यानंतरच ती कलती करून वरची वाळू पाण्याबरोबर सोडायची. ढेकूळ राहिले तर सोने त्याला चिकटून बाहेर जाते. परातीला तेलाचा अंश असेल तर बारीक कण चक्क तरंगतात, म्हणून नवी परात आधी विस्तवावर भाजून घेत. इतके करून दिवसाला सुमारे ५० पराती म्हणजे भरपूर काम.

त्यामुळे १८४८ मध्येच रॉकर आला. जॉर्जियातल्या खाणींत काम केलेल्या आयझॅक हम्फ्रीने तो कोलोमात आणला. वर भोके पाडलेल्या पत्र्याची चाळणी, खाली उतरते कापड, तळाला आडव्या पट्ट्या आणि पाळण्यासारखे गोल पाय. एकाने खणायचे, एकाने माती वाहायची, एकाने पाणी ओतत डुलवायचे. फार जोरात डुलवले तर सोने बसत नाही. फार हळू, तर पट्ट्यांमागची वाळू घट्ट होते आणि सोने वरून घसरून जाते. एकट्याचा धंदा इथेच भागीदारीचा झाला.

मग लाँग टॉम, म्हणजे न डुलवता वाहत्या पाण्यावर चालणारी लांब पेटी, आणि स्लूस. स्लूस म्हणजे १२ फुटी लाकडी पेट्या एकीत एक अडकवून केलेली लांब पन्हळ. दर पेटीला ८ ते १८ इंच उतार. चिकणमाती जास्त असेल तर उतार वाढवायचा, सोने बारीक असेल तर कमी करायचा. पट्ट्यांमागे पारा घालत. तो बारीक सोने धरतो. सफाईच्या दिवशी पाणी थांबवून पारा-सोन्याचा गोळा हरणाच्या कातड्यातून पिळत आणि उरलेला भाग बंद भांड्यात तापवून पारा उडवत. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. वाफ नळीतून थंड केली नाही तर ती माणसाच्या फुप्फुसात जाते. एका हंगामात १० ते ३० टक्के पारा वाहून जाई. तिथल्या काही नद्या-तलावांतील मासे किती खावेत याच्या सूचना आजही द्याव्या लागतात.

स्लूसला अखंड पाणी लागते. कोरड्या जागी उन्हाळाभर माती खणून ढीग लावायचे आणि पावसाची वाट पाहायची. म्हणून कंपन्यांनी डोंगरांतून हजारो मैलांचे पाट काढले आणि पाणी ‘मायनर्स इंच’ या मापाने विकले: ठरावीक दाबाखाली एक चौरस इंच भोकातून वाहणारे, मिनिटाला ढोबळमानाने ४० लिटर. वस्तीच्या सभेत क्लेमचे, म्हणजे प्रत्येकाने खणण्यासाठी राखलेल्या जागेचे, नियम ठरत. काम थांबवले की हक्क जाई. पाण्यालाही ‘जो आधी, त्याचा हक्क आधी’ हे तत्त्व लागले आणि १८५५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अर्विन विरुद्ध फिलिप्स खटल्यात ते मान्य केले. या सभांच्या लोकशाहीचे कौतुक करताना परदेशी खाणकामगारांवर १८५० मध्ये लादलेला महिना २० डॉलरचा कर आणि मूळ रहिवाशांची झालेली कत्तल विसरता येत नाही. लेखात दोन्हीही नाहीत.

१८५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच नेवाडा सिटी गावाजवळ एडवर्ड मॅटेसनने दाबाच्या पाण्याचा झोत थेट टेकडीवर सोडला. त्यातून मालाकॉफसारख्या प्रचंड खाणी झाल्या. वाहून आलेल्या गाळाने यूबा नदीचे पात्र मेरिसव्हिलच्या रस्त्यांपेक्षा उंच झाले, शेते गाडली गेली. अखेर ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी नदीत गाळ सोडण्यास मनाई केली.

पुरवणीत या विषयाचा पुढचा भाग येणार असल्याचे म्हटले आहे. त्यात स्लूसची एक रेखाकृती आणि पाटांचा नकाशा जरूर छापावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, नागपूर