थार घेतलीस, आता पॉलिसी काढ

पुणे,
22 जून

प्रिय बंड्या,

काल तू फोनवर सेकंडहँड घेतलेल्या थारचं कौतुक सांगत होतास आणि मी मध्येमध्ये "पॉलिसी कुणाच्या नावावर आहे?" विचारत होतो, म्हणून चिडलास. साहजिक आहे. लग्नाच्या मांडवात घटस्फोटाचे कागद काढावेत तसं झालं ते. पण मला गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

माझ्या गाडीची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. "इंजिन गेलं" एवढंच मी सगळ्यांना सांगितलं. कसं गेलं ते सांगायची लाज वाटत होती. गेल्या जुलैत ताम्हिणीच्या अलीकडे एका ओढ्यात पुढची गाडी आरामात गेली, म्हणून मीही घातली. थार 650 मिलिमीटर पाण्यातून जाते हे मला पाठ होतं, ओढा किती खोल आहे ते मात्र बघितलं नव्हतं. मधोमध इंजिन बंद. काठावरून पोरं ओरडतायत, "मार स्टार्टर, मार!" मी मारला. तीनदा. तिसऱ्यांदा टक् असा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

नुकसान तपासायला विमा कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने एअर फिल्टर काढून पिळला, चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं. मग डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, ओढून स्वतःच्या पांढऱ्या रुमालाला पुसली. दुधाळ कॉफीसारखा डाग पडला, म्हणजे तेलात पाणी मिसळलेलं. रुमालाची घडी घालत त्याने विचारलं, "बंद पडल्यावर किती वेळा स्टार्टर मारलात?"

एजंटने आदल्या रात्री बजावलं होतं, ओढ्याचं नाव काढू नका, पार्किंगमध्ये पाणी शिरलं म्हणा. अगदी ओठांवर आलं होतं रे. पण रेडिएटरच्या जाळीत पाला अडकलेला, क्रेनच्या पावतीवर ताम्हिणी, आणि पोरांनी व्हिडिओ इन्स्टावर टाकून मोकळं केलेलं. मी खरं सांगितलं. मी काही हरिश्चंद्र नाही, पकडला गेलो असतो म्हणून सांगितलं. खोटं उघडं पडलं तर सगळ्याच क्लेमवर पाणी.

सीट, कार्पेट, वायरिंगचे पैसे मिळाले. इंजिनाचे तीन लाख मात्र माझ्याच खिशातून गेले. पाणी शिरलं तो अपघात, पण नंतर स्टार्टर मारून इंजिनातला पिस्टनचा रॉड वाकला ते 'परिणामी नुकसान', पॉलिसीत बसत नाही, असं पत्र आलं. पॉलिसी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली. अपघातानंतर दुरुस्तीआधी गाडी चालवली, तर वाढलेलं नुकसान मालकाच्या माथी, ही अट तिथे छापलेली होती. इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन, म्हणजे इंजिनासाठी वेगळे पैसे भरून घ्यायचं जादा संरक्षण, मी पैसे वाचवायला घेतलं नव्हतं. तू घे, आणि घेतलंस तरी पाण्यात बंद पडलेल्या गाडीची चावी फिरवू नकोस. ढकल, ओढ, तिथेच बसून भजी खा, पण स्टार्टर नाही. आणि क्रेनवाल्याने 9,000 घेतले, पॉलिसीत टोइंगचे मिळतात जास्तीत जास्त 1,500.

आता तुझं. आधीच्या मालकाने "इन्शुरन्स मार्चपर्यंत आहे" सांगितलं आणि तू निर्धास्त झालास, बरोबर? आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, तुझ्या नावावर आली, पॉलिसी त्याच्या. कुणाला धडक दिलीस तर थर्ड पार्टीचा भाग, म्हणजे समोरच्याची भरपाई, कायद्याने तुझ्याबरोबर येतो. स्वतःच्या गाडीचं नुकसान मात्र येत नाही. त्यासाठी 14 दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच हे स्पष्ट केलंय. गाडी एकाची नि पॉलिसी दुसऱ्याची, तर क्लेम दोघांनाही नाही. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तो नो क्लेम बोनसही त्याचा, तुझा नव्हे. पॉलिसीवर 50 टक्के सूट दिसते म्हणून ती तशीच चालू ठेवलीस, तर ती खोटी माहिती धरली जाईल.

मग गाडी उंच करणारा तुझा तो लिफ्ट किट आणि 33 इंची टायर. दिसतो भारी, मान्य. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि गाडी उलटली की सर्व्हेअर पहिल्यांदा टायरच मोजतो. परवानगी मिळत नसेल तर उतरव बाबा. बंपरपुढचा लोखंडी बुल बार तर केंद्राने 2017 च्या डिसेंबरपासून बेकायदेशीरच ठरवलाय. अडकलेली गाडी ओढायचा विंच, लाइट बार, छतावरचा तंबू यांची बिलं कंपनीला देऊन ते पॉलिसीत लिहून घे. न सांगितलेल्या वस्तूचे पैसे कुणी देत नाही.

मेव्हण्याच्या मित्राला वीकेंडला भाड्याने द्यायचा विचार मात्र सोड. खासगी पॉलिसीत भाड्याने वापर बसत नाही, शर्यत आणि रिलायबिलिटी ट्रायल, म्हणजे गाडीचा कस लावणाऱ्या चाचण्याही, बसत नाहीत. क्लबबरोबर डोंगरात नुसतं भटकणं वेगळं, घड्याळ लावून स्पर्धा वेगळी. पुढे ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन कॅम्पर, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, बनवायचा बेत आहे ना, तिथेही हेच. आत पलंग-ओटा बसवलास की आरसीत कॅम्पर म्हणून नोंद हवी, नुसती वेल्डरची पावती पुरत नाही. नेपाळ-भूतानला जाणार असशील तर आधी पॉलिसीत तसा विस्तार घे, मुळात ती भारतापुरतीच असते.

आणि तरी काही झालंच, तर आधी जागेवरून फोटो आणि फोन, मग सर्व्हे, मग दुरुस्ती. क्लेम नाकारला तर कोणत्या अटीखाली ते लेखी माग. कंपनीच्या तक्रार विभागाकडून काम झालं नाही तर विम्याच्या तक्रारी सोडवणारा विमा लोकपाल आहे, पुण्यातच कार्यालय आहे, फी नाही, वकील नाही, फक्त नकारानंतर वर्षाच्या आत जायचं. अट मोडली म्हणजे शून्य, असंही नेहमी नसतं. 2010 च्या अमलेंदु साहू खटल्यात गाडी भाड्याने दिली म्हणून अख्खा क्लेम नाकारला होता, तरी सर्वोच्च न्यायालयाने काही रक्कम द्यायला लावली. मी मात्र लोकपालाकडे गेलो नाही. स्टार्टर मीच मारला होता, भांडू कुठल्या तोंडाने?

आरसीचा आणि पॉलिसीचा फोटो आजच्या आज पाठव. स्पितीची तारीख त्यानंतर ठरवू. वाकलेला रॉड माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलाय, आलास की दाखवतो. वहिनींना नमस्कार, आणि त्यांना म्हणावं, लाइट बारचं बिल लपवलंय ते मला माहीत आहे.

तुझाच,
रूम नंबर 12 वाला